ब्रॅड होम्स यांनी बांधलेला संघ: डेट्रॉइट लायन्सच्या चार हंगामांचे परीक्षण

वर्षानुवर्षे हरणारा संघ नव्याने उभा करण्यासाठी एखाद्याला नेमले, तर त्याचे काम जिंकलेल्या सामन्यांवरून मोजावे की जमवलेल्या माणसांवरून, हा प्रश्न माझ्यासमोर प्रथम आला तो २०२१ च्या दिवाळीत. मिशिगनमध्ये नोकरीला असलेला माझा पुतण्या तिथल्या डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या नादी लागला होता. त्या दिवाळीपर्यंत त्याच्या संघाने हंगामातला एकही सामना जिंकलेला नव्हता, आणि फोनवर तो मला म्हणाला, "काका, हा नवा माणूस संघ बांधतोय की मोडतोय, तेच कळत नाही." मी रावेरला केळीच्या व्यवहारात आयुष्य काढलेला माणूस आहे, या खेळाचे नियमही मला तेव्हा धड ठाऊक नव्हते. परंतु प्रश्न मनात राहिला, मी वर्षाची वर्गणी भरून सामने पाहू लागलो, आणि पूर्ण चार हंगाम पाहून झाल्यावर, पैसे मोजणाऱ्या प्रेक्षकाच्या नात्याने, त्या नव्या माणसाच्या म्हणजे जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स यांच्या कामाविषयी लिहीत आहे.

या खेळात सामन्याची आखणी प्रशिक्षक करतो, पण संघात माणसे कोणती असावीत हे जनरल मॅनेजर ठरवतो. ५३ खेळाडूंची यादी त्याला भरायची असते आणि सर्व ३२ संघांना वेतनाची मर्यादा एकच असते. २०२१ मध्ये ती १८ कोटी २५ लाख डॉलर होती. त्यामुळे मालक कितीही श्रीमंत असला तरी पैशाच्या जोरावर चांगले खेळाडू गोळा करून एका वर्षात संघ उभा करता येत नाही. महाविद्यालयांतून येणारे नवे खेळाडू सात फेऱ्यांच्या ड्राफ्टमधून वाटले जातात, त्यात आदल्या वर्षी सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला पहिली निवड मिळते, आणि या निवडींची संघासंघांत देवघेवही चालते. दुबळ्या संघाच्या हाती खरे भांडवल म्हणतात ते एवढेच.

होम्स यांच्या हाती आलेला संघ किती दुबळा होता, हे सांगितल्याशिवाय पुढचे मोल कळणार नाही. २००८ मध्ये लायन्स १६ पैकी १६ सामने हरले होते, बाद फेरीतला त्यांचा शेवटचा विजय जानेवारी १९९२ मधला होता, आणि २०२० च्या हंगामात त्यांनी ५ सामने जिंकून ११ गमावले होते. होम्स जानेवारी २०२१ मध्ये आले. त्यापूर्वी ते लॉस एंजेलिस रॅम्समध्ये महाविद्यालयीन खेळाडूंची पारख करणाऱ्या विभागाचे प्रमुख होते, आणि आल्या आल्या त्यांनी पहिला मोठा व्यवहार केला तोही आपल्या जुन्या संघाशीच: डेट्रॉइटकडून बारा वर्षे खेळलेला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) मॅथ्यू स्टॅफर्ड रॅम्सला दिला आणि बदल्यात क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, २०२१ ची तिसऱ्या फेरीतली एक निवड आणि २०२२ व २०२३ च्या पहिल्या फेरीतल्या दोन निवडी घेतल्या. वर्षभरात, फेब्रुवारी २०२२ मध्ये, स्टॅफर्डने रॅम्सला सुपर बोल हा विजेतेपदाचा अंतिम सामना जिंकून दिला, तर डेट्रॉइटचा हंगाम ३ विजय, १३ पराभव आणि एका बरोबरीवर संपला. त्या दिवशी निकाल लावायचा असता, तर कोणीही होम्स फसले असेच म्हटले असते.

मात्र त्या व्यवहाराचा माल घरात यायला दोन वर्षे लागली, आणि या संपूर्ण बांधणीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो याच दोन वर्षांचा हिशेब. रॅम्स विजेते ठरल्यामुळे त्यांची २०२२ ची निवड पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी, ३२ व्या क्रमांकावर गेली. होम्स यांनी ती इतर निवडींसोबत मिनेसोटाला देऊन १२ वा क्रमांक मिळवला आणि जेमिसन विल्यम्स हा वेगवान रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, घेतला. पुढच्या हंगामात रॅम्स कोसळले, म्हणून त्यांची २०२३ ची निवड ६ व्या क्रमांकावर आली. एवढी वरची निवड हाती असताना तिथेच एखादा नावाजलेला खेळाडू घेऊन टाळ्या मिळवता आल्या असत्या. होम्स यांनी ती ॲरिझोनाला दिली, १२ व्या क्रमांकावर उतरले आणि सोबत ३४ वा क्रमांक मिळवला. १२ व्या क्रमांकावर जाहमीर गिब्ज आला, ३४ व्या क्रमांकावर सॅम लापोर्टा. पहिल्या फेरीत रनिंगबॅक, म्हणजे गिब्जसारखा चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, घेतल्याबद्दल तेव्हा बरीच टीका झाली होती. त्याच गिब्जने २०२४ मध्ये २० वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेऊन टचडाउन केले, आणि लापोर्टाने पहिल्याच हंगामात ८६ झेल घेतले.

दुसरी गोष्ट मला आवडली ती कामाच्या क्रमाची. होम्स यांच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये ७ व्या क्रमांकावर नवा क्वार्टरबॅकही घेता आला असता. त्यांनी घेतला पेनेई सूल, म्हणजे चेंडू कधी हाती न घेता समोरच्याला अडवून धरणारा पुढच्या फळीतला खेळाडू. आमच्याकडे टिश्यूकल्चरची रोपे आणण्याआधी वाफे बांधून ठिबकच्या नळ्या अंथरतात. त्या नळ्यांचे कौतुक करायला बांधावर कोणी येत नाही, पण पुढचा घड त्यांच्यावरच वाढतो. न्यायाची गोष्ट म्हणून हेही नोंदवले पाहिजे की टेलर डेकर आणि फ्रँक रॅगनो हे त्या फळीतले दोन खंदे खेळाडू आधीच्या व्यवस्थापनाने आणलेले होते. नवा माणूस आला की जुने सगळे खणून काढतो, असा अनुभव सगळीकडे येतो. होम्स यांनी चांगले राखले आणि त्याच्या भोवती लावणी केली, यात मला त्यांची समज दिसते.

केळीच्या काट्याचा हिशेब लिहितो तशाच एका लांब वहीत मी दर हंगामाच्या सुरुवातीला ५३ नावे लिहीत आलो आहे आणि प्रत्येक नावापुढे तीन घरे आखली आहेत: कोणी आणला, कितव्या फेरीत आणला, आणि त्याला दुसरा करार मिळाला की नाही. माझ्या मते खरे माप या तिसऱ्या घरात असते. ड्राफ्टच्या दिवशी कोणाचीही निवड शहाणी भासते, पण चार वर्षांनी त्याच खेळाडूला चढ्या भावाने ठेवून घ्यावेसे वाटले, तरच ती पारख खरी. त्या वहीतले सर्वांत ठळक नाव अ‍ॅमन-रा सेंट ब्राउन याचे आहे. २०२१ च्या चौथ्या फेरीत, ११२ व्या क्रमांकावर हा रिसीव्हर मिळाला. त्याच्याआधी १६ रिसीव्हर निवडले गेले होते, आणि ती सोळाही नावे त्याला तोंडपाठ आहेत. डिसेंबर २०२१ मधला मिनेसोटाविरुद्धचा सामना आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झाला होता. तोवर डेट्रॉइटच्या खात्यावर शून्य विजय, दहा पराभव आणि एक बरोबरी होती. मध्ये वीज गेली म्हणून मी मोबाइलवर पाहत होतो. वेळ संपता संपता गॉफने ११ यार्डांवरून चेंडू फेकला आणि सेंट ब्राउनने तो टचडाउनसाठी धरला. २९-२७ असा हंगामातला पहिला विजय. फेकणारा स्टॅफर्डच्या बदल्यात आलेला, झेलणारा चौथ्या फेरीतला. अडीच वाजून गेले होते, तरी मी उठून दिवा लावला आणि वहीत दोन्ही नावांखाली रेघ ओढली. एप्रिल २०२४ मध्ये सेंट ब्राउनला चार वर्षांसाठी १२ कोटी डॉलरचा करार मिळाला आणि त्याच महिन्यात सूललाही चार वर्षांसाठी ११ कोटी २० लाखांचा.

२०२२ मध्ये पहिल्या सातपैकी सहा सामने हरूनही संघ ९-८ वर, म्हणजे नऊ विजय आणि आठ पराभवांवर, आला आणि २०२३ मध्ये १२-५ करून १९९३ नंतर प्रथमच गटविजेता झाला. बाद फेरीत पहिला सामना रॅम्सशी पडला, म्हणजे समोर स्टॅफर्डच. आपल्याकडे ती १५ जानेवारीची, संक्रांतीची सकाळ होती. स्वयंपाकघरात तीळ भाजले जात होते आणि साडेसहापासून मी पडद्यासमोर बसलो होतो. डेट्रॉइट २४-२३ असे जिंकले, तेव्हा पुतण्याचा फोन आला, पण त्याला बराच वेळ बोलता येईना. पुढे टँपा बेलाही हरवून संघ सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि मध्यंतराला २४-७ अशी आघाडी असताना ३४-३१ असा हरला. चौथ्या डाउनला, म्हणजे चढाईच्या शेवटच्या संधीला, गोल न मारण्याचे निर्णय प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांचे होते, त्यामुळे त्या पराभवाचा भार मी होम्स यांच्या खात्यावर टाकत नाही.

त्यांच्या खात्यावर टाकावे असेही बरेच आहे. २०२१ च्या दुसऱ्या फेरीतला लिवाय ऑनवुझुरिके पाठीच्या दुखण्यामुळे २०२२ चा पूर्ण हंगाम बाहेर बसला. २०२३ च्या तिसऱ्या फेरीत घेतलेला क्वार्टरबॅक हेंडन हूकर संघात कधी रुजलाच नाही. आणि मला सर्वांत मोठी वाटणारी उणीव अशी की २०२२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर एडन हचिन्सनसारखा अव्वल पासरशर, म्हणजे कडेने धावून क्वार्टरबॅकला घेरणारा खेळाडू, घेतल्यावर विरुद्ध बाजूला त्याच्या तोलाचा जोडीदार होम्स यांनी उभा केला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये डॅलसविरुद्ध हचिन्सनचा पाय मोडला तेव्हा ती उणीव उघडी पडली. नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलँडकडून झडेरियस स्मिथ आणावा लागला, पण ती हंगामाच्या मध्यावर केलेली डागडुजी होती. गॉफ आणि त्याच्या फळीच्या बळावर डेट्रॉइटने त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक ५६४ गुण केले, १५ सामने जिंकले, दोनच गमावले, आणि तरीही जानेवारी २०२५ मध्ये घरच्या मैदानावर वॉशिंग्टनकडून ४५-३१ असा पराभव पत्करला. पाच वेळा चेंडू गमावला हे खरे, परंतु त्या सामन्यात वॉशिंग्टनच्या नवख्या क्वार्टरबॅकला दोन्ही कडांनी घेरणारे कोणी नव्हते, हे मला अधिक खटकले.

या चार हंगामांना मी पाचपैकी चार तारे देतो. पुतण्याला तेव्हा न दिलेले उत्तर आता मी ठामपणे देऊ शकतो की होम्स यांनी संघ बांधला, आणि ज्या वर्षी तो मोडल्यासारखा वाटत होता त्याच वर्षी पाया भरला गेला. पाचवा तारा मी हचिन्सनच्या समोरच्या कडेसाठी राखून ठेवला आहे; वहीतले ते घर अजून रिकामे आहे.