गाडीखालच्या स्टेपनीला कुलूप: साखळी, वायर, लॉक-नट आणि विंचचं झाकण

स्टेपनी गाडीखाली लटकते ती ज्या साखळीवर किंवा वायरवर, ती टांगायला दिलेली असते. कुलूप म्हणून नव्हे. इनोव्हा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ, अर्टिगा, ट्रायबर या सगळ्यांची स्टेपनी खालीच असते. चाक खाली सोडायचं भोक बंद डिकीत असलं, तरी पान्हा आणि कटर घेऊन खाली सरकलेल्या माणसाला त्या भोकाची गरजच पडत नाही. बाजारात मिळणाऱ्या चार प्रकारच्या बंदोबस्तांकडे म्हणूनच एक प्रश्न धरून बघायला हवं: विंच (चाक वर-खाली करणारी चरखी) तुटली किंवा कोणी ती सोडली, तर चाक गाडीलाच राहतं का? याचं उत्तर ‘हो’ असेल तर चोरीपासून आणि रस्त्यात गळून पडण्यापासून, दोन्हीपासून बचाव होतो. (स्टेपनी हे नाव वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलं. १९०४ च्या सुमारास तिथे मोटारींसाठी जादा चाक बनवायला सुरुवात झाली.)

विंचच्या भोकावरचं कुलूप. टॉमी (विंच फिरवायचा दांडा) जिथून आत जातो त्या भोकात बसणारं हे छोटं कुलूप. पिकअपमध्ये भोक मागच्या बंपरवर उघडंच असेल तर याचा उपयोग आहे, कारण तिथे कोणीही टॉमी घालून दोन मिनिटांत चाक उतरवू शकतो. पण खालची साखळी कापणाऱ्याला ते अडवत नाही, आणि साखळी गंजून तुटली तर चाक पडायचं ते पडतंच. ज्या गाड्यांत भोक डिकीच्या आत आहे त्यांना याची शिफारस नाही.

वायर दोर आणि कुलूप. प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली, सायकलला लावतात तशी ६ ते १० मि.मी. वायर. लवचीक असते, कुठूनही वळते, बसवायला सोपी. मात्र तारा बारीक असतात, त्यामुळे हातातल्या केबल कटरने ती एकेक घास घेतल्यासारखी तुटते. त्याहून वाईट म्हणजे वेष्टणाला एक चीर पडली की पाणी आत शिरतं, तारा आतल्या आत कुजतात आणि बाहेरून वायर नवीकोरी दिसते. घ्यायचीच असेल तर वेष्टण नसलेली स्टेनलेस वायर घ्या, म्हणजे तुटलेली तार डोळ्यांना दिसते. ही वस्तू स्टेपनी पडू नये म्हणून ठीक आहे, चोरासाठी नाही.

लॉक-नट. चाक विंचवर न टांगता पत्र्याच्या किंवा सळ्यांच्या पाळण्यात ठेवून बोल्टने आवळलेलं असेल, तर हा प्रकार सर्वांत नीटनेटका. मूळ नटाच्या जागी नक्षीच्या किल्लीने फिरणारा नट बसतो. घेताना तीन गोष्टी पाहा. पहिली, आटे. व्यास जुळला तरी आट्यांचं अंतर (१.२५ की १.५ मि.मी.) वेगळं असू शकतं, म्हणून जुना नट दुकानात घेऊन जा आणि नवा नट बोल्टवर हाताने पूर्ण फिरतो का ते बघा. दुसरी, नटाभोवती मोकळं फिरणारं कडं. ते नसेल तर पाइप पान्ह्याने नट बाहेरून पकडून सोडवता येतो. तिसरी, किल्लीचा कोड छापलेलं कार्ड. ते फोटो काढून घरी ठेवा. नट हाताच्या पान्ह्यानेच आवळा. एअर गनच्या झटक्याने नक्षीचे दात गोल होतात, आणि मग तो नट काढायला तुमच्याकडेही उपाय उरत नाही. विंचवाल्या गाडीला मात्र लॉक-नटाचा काही उपयोग नाही.

कडक साखळी आणि बंद कुलूप. इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ अशा चेसीवाल्या (खाली वेगळी लोखंडी चौकट असलेल्या) गाड्यांसाठी आमचा कौल यालाच. त्यातही सगळ्या साखळ्या सारख्या नसतात.

हार्डवेअरच्या दुकानात वजनावर मिळणारी झिंकचा मुलामा दिलेली साखळी मऊ लोखंडाची असते. ६ मि.मी. असेल तर मध्यम बोल्ट कटर ती सहज तोडतो. घ्यायची ती ८ मि.मी. किंवा जाड, हार्डन केलेली. ओळख सोपी आहे: एका कडीवर कानस फिरवा. कानस घसरली आणि नुसती चमक आली तर साखळी हार्डन आहे. भुसा पडला तर मऊ. अशी साखळी तोडायला ३६ इंची कटर लागतो, आणि गाडीखालच्या वीतभर जागेत त्याचे दांडे पुरेसे उघडत नाहीत. खरं संरक्षण या अडचणीत आहे. बॅटरीचा ग्राइंडर मात्र हीसुद्धा कापतो. फक्त त्याचा आवाज आणि ठिणग्या लपत नाहीत, म्हणून गजबजलेल्या किंवा उजेडाच्या जागी गाडी लावण्याला पर्याय नाही.

कुलूप घेताना साखळी बरोबर न्या. ८ मि.मी. साखळीच्या कडीचं आतलं तोंड अरुंद असतं आणि १०-११ मि.मी. जाड आकड्याचं (वरच्या वाकड्या दांडीचं) कुलूप त्यातून जातच नाही. अशी जोडी घरी आणल्यावर उघडकीला येते आणि मग साखळीच्या शेवटी पातळ शॅकल (जोडकडी) लावून लोक सगळं काम वाया घालवतात. आकडा शक्य तितका झाकलेला हवा. शटरला लावतात ते गोल कुलूप त्या दृष्टीने चांगलं, पण त्याचं तोंड छोटं असतं. किल्लीच्या भोकावर रबरी झडप असलीच पाहिजे.

बसवण्याचं काम एका माणसाचं, पण घाईचं नाही. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, पुढच्या चाकांना दगड. स्टेपनी पूर्ण जमिनीवर उतरवा. आता विंचची साखळी टोकापर्यंत पाहा, कारण रोजच्या वापरात तिचा वरचा भाग कधी दिसत नाही. एखादी कडी गंजून पातळ झाली असेल किंवा वायरच्या तारा सुटल्या असतील, तर आधी विंच बदला, कुलूप नंतर. डिस्कच्या (टायर बसतो त्या धातूच्या चाकाच्या) मधल्या भोकात अडकणारी विंचची तबकडी वाकलेली नाही ना, हेही बघा. मूळ लोखंडी डिस्कऐवजी अलॉय ठेवला असेल तर ही तबकडी नीट टेकत नाही. भोकाचा व्यास आणि मधली जाडी वेगळी असते, तबकडी तिरकी राहते आणि स्पीडब्रेकरवर चाक आपटत राहतं.

चाक खाली आहे तोवर हवा भरून घ्या. पूर्ण मापाचं चाक असेल तर नेहमीपेक्षा ४-५ पीएसआय जास्त, कारण ते महिनोन्महिने तपासलं जात नाही. बारीक, तात्पुरतं चाक असेल तर त्यावर छापलेला आकडा पाळा; बहुतेकांवर ६० पीएसआय असतं. व्हॉल्व्हचं तोंड मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या बाजूला ठेवा.

साखळीवर जुन्या सायकलची ट्यूब चढवा. खडखड थांबते आणि डिस्कचा रंग खरवडला जात नाही. साखळी डिस्कच्या एका भोकातून आत, चेसीच्या आडव्या क्रॉस मेंबरवरून फिरवून परत खाली. सायलेन्सरपासून हात दोन हात लांब ठेवा, उष्णतेने ट्यूब वितळते. ब्रेकचा पाइप, हँडब्रेकची केबल, एबीएसच्या वायरी आणि मागच्या अॅक्सलला तिचा स्पर्शही नको. अॅक्सल वर-खाली होतो, साखळी ताणली जाते आणि तुटायची ती ब्रेकची नळी तुटते. अर्टिगा, ट्रायबरसारख्या चेसी नसलेल्या गाड्यांत असा क्रॉस मेंबर मिळत नाही. तिथे मागच्या टो हुकचा पक्का डोळा किंवा विंचचा स्वतःचा ब्रॅकेट शोधावा. तेही जमत नसेल तर साखळीचा हट्ट सोडा.

मग विंचने चाक वर घ्या. बऱ्याच विंचमध्ये पूर्ण आवळल्यावर ‘कट्-कट्’ आवाज येतो. तो आल्यावर चाक दोन्ही हातांनी हलवून बघा. अजिबात डुगडुगायला नको. साखळीत दोन-तीन बोटांची ढील ठेवून कुलूप लावा, किल्लीचं भोक खाली करून. ढील जास्त ठेवली तर विंच तुटल्यावर चाक जमिनीला घासेल. अगदी ताणून लावली तर वजन साखळीवर येतं आणि विंच सैल झाल्याचं तुम्हाला कळतच नाही. दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा हलवून बघा.

कोकणात आणि मुंबईच्या किनारपट्टीवर ही गोष्ट जास्त गांभीर्याने घ्यावी. मिठाने काय होतं याचं मोठं उदाहरण अमेरिकेत आहे: २०१० मध्ये टोयोटाने तिथल्या सुमारे ६ लाख सिएना गाड्या परत बोलावल्या, कारण बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने स्टेपनीची वायर गंजून चाक रस्त्यात पडण्याचा धोका होता. आपल्याकडे मीठ रस्त्यावर टाकत नाहीत, पण समुद्राजवळच्या हवेत ते असतंच. किनाऱ्यावरच्या गाडीची विंच पावसाळ्याआधी आणि नंतर उतरवून धुवा, वाळवा, साखळीला ग्रीस द्या. कुलपाच्या आत मात्र ग्रीस किंवा तेल नको, त्याला धूळ चिकटून चिखल होतो. तिथे ग्राफाइटची पूड. महिन्यातून एकदा किल्ली फिरवा, नुसती आत घालून काढू नका.

अंडरबॉडी कोटिंग करून घेताना कुलूप, विंच आणि विंचची साखळी चिकटपट्टीने झाकायला सांगा. नाही सांगितलं तर काळं रसायन त्यांच्यात मुरतं आणि पुढच्या पंक्चरला विंच फिरत नाही. डिकीत सीएनजीची टाकी बसवत असाल तर स्टेपनी सोडायचं भोक टाकीखाली जातंय का ते फिटिंगआधीच पाहून घ्या. टाकी बसल्यावर यावर उपाय नाही.

पंक्चरवाल्याकडे स्टेपनी परत लावताना समोर उभे राहा. वर घेतलेलं चाक सैल राहण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे तबकडी भोकात तिरकी बसणं, आणि ते त्या क्षणी चटकन दिसतं.

चोरी झालीच तर विम्याच्या क्लेमआधी हिशोब करा. एका क्लेमने नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, आणि तो ५० टक्क्यांपर्यंत पोहोचला असेल तर एका चाकापेक्षा तो महाग पडू शकतो. टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड (पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष) आणि डिस्कवर खिळ्याने कोरलेली एखादी खूण यांचा फोटो असेल तर पोलिसांना वर्णन देता येतं.

किल्ल्या दोन. एक गाडीत, जॅकच्या पिशवीत, दुसरी घरी. भाड्याच्या गाडीवर ड्रायव्हर बदलत असतील तर पहिली किल्ली जॅकच्या पिशवीला दोरीने बांधूनच ठेवा. गाडीच्या चावीच्या जुडग्यात ती ठेवली तर सुट्टीवर गेलेल्या ड्रायव्हरच्या खिशात जाते, आणि घाटात पंक्चर झाल्यावर कुलूप चोरासाठी लावलेलं असूनही अडतो तो गाडीतला माणूस.