16 टीबीची डबी, आत 64 जीबीचं कार्ड

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका फोटो स्टुडिओच्या टेबलावर डेस्कटॉपच्या मागे तीन जुन्या हार्ड डिस्क, त्यांतल्या दोन अडॅप्टरवाल्या, एक हब आणि वायरींचं जाळं होतं. हा पसारा एकदाचा काढायचा म्हणून मोबाइलवरची जाहिरात पाहून काडेपेटीपेक्षा थोडी मोठी '16 टीबी पोर्टेबल एसएसडी' मागवली. किंमत 1,899 रुपये, पार्सल हातात आल्यावर पैसे.

डिस्क लावली, विंडोजने 14 टीबीच्या वर जागा दाखवली. पहिल्या लग्नाचे 48 जीबी फोटो टाकले, उघडून पाहिले, सगळे व्यवस्थित. मग पुढच्या दोन लग्नांचा व्हिडिओसकट डेटा त्यातच गेला आणि कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट होऊन पुन्हा वापरात आली. एकोणिसाव्या दिवशी अल्बम करणाऱ्याने फोटो मागितले तेव्हा फोल्डर जागेवर, नावं बरोबर, साइझ बरोबर, पण निम्मे फोटो करडे आणि व्हिडिओ एकही उघडेना. वस्तू परत करायची मुदत होती सात दिवस.

डबीला स्क्रू नव्हतेच. नखाने झाकण उचकटलं तर आत बोटभर कार्ड रीडर, त्यात 64 जीबीचं मायक्रोएसडी कार्ड, ग्लू गनच्या गोंदाचा गोळा आणि वजन भरावं म्हणून चिकटवलेली लोखंडी पट्टी.

ही फसवणूक पहिल्या दिवशी कळूच नये अशीच रचलेली असते. कार्ड रीडरमधल्या कंट्रोलर चिपचं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतला प्रोग्रॅम, बदलून कॉम्प्युटरला 16 टीबीचा खोटा आकडा सांगितला जातो. फाइलींची यादी डिस्कच्या सुरुवातीच्या भागात असते, तो भाग खरा असतो, म्हणून नावं आणि साइझ शाबूत राहतात. खरी जागा संपली की पुढचा डेटा एकतर जुन्यावर चढतो, नाहीतर कुठेच लिहिला जात नाही. विंडोज कॉपी केल्यावर परत वाचून पडताळत नाही, त्यामुळे हिरवी पट्टी शेवटपर्यंत निमूट भरते. चार फोटो उघडून बघणं ही तपासणी नव्हे.

इथेच दुसऱ्यांदा खिसा कापला जातो. 'डेटा काढून देतो' म्हणून आगाऊ पैसे मागणारे भेटतात. जो डेटा लिहिलाच गेला नाही किंवा ज्यावर दुसरा चढला, तो त्या डबीतून कुणीच काढू शकत नाही. आशा असते ती कॅमेऱ्याच्या मूळ कार्डात. ते ताबडतोब बाजूला ठेवा, त्यावर एकही नवा फोटो काढू नका आणि फोटोरेक या मोफत प्रोग्रॅमने स्कॅन करा. सापडलेल्या फाइली त्याच कार्डावर नाही, दुसऱ्या डिस्कवर उतरवायच्या.

नवी डिस्क आली की तिच्यात काहीही भरण्याआधी, रिकामी असतानाच, एचटूटेस्टडब्ल्यू चालवा. हा जुना मोफत प्रोग्रॅम पूर्ण जागा 1 जीबीच्या फाइलींनी भरतो आणि प्रत्येक फाइल परत वाचून ताडून बघतो. लिहिणं आणि पडताळणं दोन्ही होऊ द्या, मधेच थांबवू नका. 1 टीबीच्या चांगल्या यूएसबी 3 हार्ड डिस्कला पाच-सहा तास लागतात, रात्री लावून झोपावं. लिनक्सवर हेच काम एफथ्री हा प्रोग्रॅम करतो. घाई असेल तर व्हॅलिड्राइव्ह हा प्रोग्रॅम डिस्कवर 576 ठिकाणी लिहून-वाचून काही मिनिटांत खोटी क्षमता पकडतो. वेगही लक्षात घ्या. ती डबी 30 एमबी प्रतिसेकंदाच्या पुढे जात नव्हती. त्या वेगाने 16 टीबी भरायला सहा दिवसांहून जास्त लागले असते. पोर्टचं प्लास्टिक निळं आहे म्हणून यूएसबी 3 समजू नका. तोंडात डोकावून पाहा: पुढच्या चार पट्ट्यांच्या मागे आणखी पाच लागतात. रंग निळा आणि पट्ट्या चारच, असे हब आणि केबली बाजारात भरपूर आहेत.

एक गैरसमज मात्र दूर करावा. 1 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 931 जीबी दिसते आणि 2 टीबीची 1.81 टीबी, ही फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या. उगाच दुकानदाराशी भांडू नका.

दुसरा प्रकार जास्त सफाईचा असतो. 'घ्या दादा, नवीनच हाय, नुसतं पाकीट फुटलंय' असं म्हणत जुन्या लॅपटॉपमधली किंवा सीसीटीव्हीतली डिस्क नव्या केसमध्ये घालून दिली जाते. इथे क्षमता खरी, त्यामुळे वरची चाचणी पास होते. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये ती चालू राहिल्याचे तास बघा. नव्या डिस्कला ते शून्य ते दोन-चार असतात, 20,000 दिसले तर ती दोन वर्षांहून जास्त अखंड फिरली आहे. खराब जागा मोजणाऱ्या 05, सी5 आणि सी6 या ओळींची 'रॉ व्हॅल्यू' शून्यच हवी. पण हे आकडेही पुसता येतात: 2025 च्या सुरुवातीला युरोपात तास शून्य केलेल्या वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. म्हणून सीरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर टाकून बघायलाच हवा, आणि तो दुकानातच, पैसे देण्याआधी.

आता पसाऱ्याचं. टेबल मोकळं हवं असेल तर डिस्क बाहेर कशाला? बऱ्याच मदरबोर्डवर आतल्या डिस्क जोडायचे चार साटा पोर्ट असतात आणि त्यांतले एक-दोन मोकळेच पडलेले असतात. 3.5 इंची डिस्क, एक साटा केबल, चार स्क्रू, एसएमपीएसचं, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायचं, मोकळं कनेक्टर, झालं. पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डावर बसते तो एम.2 स्लॉट वापरात असेल तर मदरबोर्डचं मॅन्युअल बघा, काही बोर्डांवर त्यामुळे एखादा साटा पोर्ट बंद पडतो. पॉवरसाठी जुन्या चार पिनी मोलेक्स कनेक्टरवरून साटा पॉवर देणारं, एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेलं कन्व्हर्टर मात्र नको, ते आत शॉर्ट होऊन पेटू शकतं. 2 टीबीहून मोठी डिस्क असेल तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये विभागणीचा प्रकार जीपीटी निवडायचा, जुना एमबीआर निवडला तर 2 टीबीच्या पुढची जागा हाती लागत नाही.

बाहेर एकच ठेवा, 2.5 इंची, एका केबलवर चालणारी, कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात. 'अडॅप्टरची गरज नाही' असं सांगून 3.5 इंची डिस्कची साधी यूएसबी केस कुणी गळ्यात मारत असेल तर उठून या. तिला 12 व्होल्ट लागतात, साधा यूएसबी पोर्ट 5 च देतो. ही बाहेरची डिस्क डेटाच्या दुसऱ्या प्रतीसाठी, म्हणजे बॅकअपसाठी. 2019 आणि 2021 चा पूर पाहिलेल्या शाहूपुरीत ती वरच्या मजल्यावर का ठेवायची, हे सांगायला नको.

फसलाच असाल तर डबी फेकू नका. पार्सल फोडतानाचा सलग व्हिडिओ, चाचणीच्या निकालाचा स्क्रीनशॉट आणि जाहिरातीचा फोटो जपा. 1915 वर ग्राहक हेल्पलाइन आहे, ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेता कुठल्याही राज्यातला असो, कोल्हापूरच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. दुकानातून घेतलं असेल तर जीएसटी नंबर असलेल्या बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहूनच घ्या. 'कॉम्प्युटर पार्ट, 1 नग' एवढंच लिहिलेल्या बिलावरून तुम्हाला नेमकी कुठली डिस्क दिली, हेच सिद्ध होत नाही.