वजन बरोबर, चांदी खरी, साल मात्र खोटं

ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड याचे हाफ क्राऊन, म्हणजे अडीच शिलिंगची चांदीची नाणी, सालवार जमवणाऱ्या प्रत्येकाचं घोडं एकाच सालावर अडतं: 1905. ही नाणी 1907 मध्ये 36 लाखांवर पाडली गेली, 1905 मध्ये मात्र फक्त 1,66,008. त्यामुळे झिजून गुळगुळीत झालेलं 1905 सुद्धा इतर सालांच्या कित्येक पट भावाने जातं, आणि भामटेही नेमके तिथेच टपून असतात. त्यातल्याच एकाने मला गंडवलं. त्याची पद्धत सविस्तर सांगतो, कारण तो अजून विकतोय.

विक्रेता ब्रिटनमधलाच, ऑनलाइन भेटलेला. ‘आजोबांचा संग्रह मोडतोय’ ही नेहमीची कथा. आधी त्याने 1902 आणि 1909 ची नाणी रास्त भावात दिली. दोन्ही अस्सल. 1905 चा विषय त्यानंतर निघाला, तोही सहज बोलता बोलता. न मागताच त्याने व्हिडिओ पाठवला: काट्यावर 14.1 ग्रॅम, चुंबक चिकटत नाही, काठावरचे दाते एकसारखे. राजाचं डोकं वर धरून नाणं उभ्या अक्षावर फिरवलं की मागची ढालही सरळच दिसते, तेही दाखवलं. ‘दुसरा गिऱ्हाईक थांबलाय, पैसे आजच बँकेत टाक,’ हेही ओघाने आलंच.

त्या व्हिडिओत खोटं काहीच नव्हतं. वजन, धातू, काठ, छाप, सगळं टाकसाळीतलंच. कारण नाणं 1906 चं होतं, 28 लाखांवर पाडलेल्यांपैकी एक, आणि कुणीतरी त्यातल्या 6 चा 5 केला होता. आपण बनावट नाणं ओळखायला शिकतो ते काटा, चुंबक आणि आवाज यांच्या भरवशावर. साल बदललेल्या नाण्यापुढे ही तिन्ही हत्यारं बोथट.

दहापट भिंगाखाली, दिवा बाजूने आडवा धरला तेव्हा करामत दिसली. मागच्या बाजूला खाली ‘हाफ’ आणि ‘क्राऊन’ या शब्दांच्या मध्ये साल असतं. त्यातल्या 5 च्या डाव्या अंगाला, जिथे 6 च्या पोटाची गोलाई असते, तिथे पृष्ठभाग किंचित खोलगट होता आणि त्यात एकाच दिशेने जाणारे बारीक ओरखडे होते. गोलाईची पुसट कमान अजून उरलेली. वरच्या वळणाला तासून आडवी दांडी काढलेली. या सगळ्यावर काळपट राप चढवला होता, पण तो फक्त सालाभोवतीच दाट. शंभर वर्षांचा राप असा एका आकड्यापुरता बसत नसतो. सगळ्यात बोलका पुरावा झिजेचा. शेजारचा 0 झिजून सपाट झालेला आणि 5 च्या कडा मात्र करकरीत. खिशाखिशांतून फिरलेल्या नाण्याचे आकडे आणि अक्षरं बरोबरीनेच झिजतात.

जाहिरातीतला फोटो तर वेगळ्याच, खऱ्या 1905 चा होता. इमेज सर्चमध्ये टाकल्यावर तो एका जुन्या लिलावाच्या पानावरून उचललेला निघाला. राजाच्या मानेजवळचा ओरखडा त्या फोटोत आहे, माझ्या हातातल्या नाण्यावर नाही. व्हिडिओ माझ्याच नाण्याचा, पण त्यात साल असलेली बाजू अर्ध्या सेकंदात सरकून जाते.

वजनाचा काहीच उपयोग नाही असं मात्र नाही. 1887 मध्ये सिक्सपेन्स या चांदीच्या नाण्यावर अर्ध्या सॉव्हरिन या सोन्याच्या नाण्यासारखीच ढाल छापली गेली, आणि लोकांनी सिक्सपेन्सला सोन्याचा मुलामा देऊन अर्धं सॉव्हरिन म्हणून खपवायला सुरुवात केली. शेवटी त्याच वर्षी छाप बदलावी लागली. तिथे काटा लगेच चोर पकडतो: सिक्सपेन्स 2.83 ग्रॅम, अर्धं सॉव्हरिन जवळजवळ 4 ग्रॅम. (1933 ची पेनी कुणी देऊ केली तर काट्यापर्यंतही जाऊ नका. तशी जेमतेम सात-आठ नाणी आहेत, आणि त्यांतलं एक लीड्समधल्या चर्चच्या पायाच्या दगडाखालून 1970 मध्ये चोरीला गेलं.)

पैशांचं म्हणाल तर गेले. विक्रेत्याचं उत्तर एका ओळीचं: ‘खासगी विक्री, परत घेणार नाही.’ बँकेने हा दोघांमधला वाद आहे म्हणून हात झटकले. हेच नाणं एखाद्या नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून क्रेडिट कार्डावर थेट घेतलं असतं, तर 1974 च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याचं कलम 75 कामी आलं असतं. किंमत 100 पौंडांच्या वर आणि 30,000 पौंडांपर्यंत असली की विक्रेत्याबरोबर कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते. व्यापारी ब्रिटिश न्यूमिस्मॅटिक ट्रेड असोसिएशनचा सभासद असेल तर तक्रारीला आणखी एक जागा मिळते. ओळख वाढवून, सवलत देऊन लोकांना बँक ट्रान्सफरवर आणायचं, हा या माणसाच्या धंद्याचा अर्धा भाग आहे.

तो पुन्हा दिसला, दुसऱ्या नावाने. या वेळी 1905 चीच आणखी एक प्रत, आजोबा तेच. मी अनोळखी गिऱ्हाईक बनून एवढंच मागितलं: सालाचा जवळून फोटो, दिवा डाव्या बाजूने आडवा. ‘कॅमेरा बिघडलाय’ असं उत्तर आलं आणि संध्याकाळपर्यंत जाहिरात निघाली.