चोरकप्पे असलेला लाकडी पलंग: दमट आणि कोरडी हवा दोन्ही सोसल्यानंतर

पलंग, त्याचा हेडबोर्ड आणि दोन्ही बाजूंची साइड टेबलं असं सगळं घरी बनवलं आहे. सांगाडा सागवानाचा, बाकी बहुतेक 18 मिमी प्लाय. चोरकप्पे तीन प्रकारचे: हेडबोर्डमध्ये लोहचुंबकावर बसणारी फळी, साइड टेबलच्या ड्रॉवरला दुहेरी तळ, आणि पलंगाच्या पायथ्याच्या पट्टीमागे बुटका ड्रॉवर. दमट महिने झाले, कोरडे महिनेही झाले, त्यामुळे आता खात्रीने लिहिता येतंय.

माझं मत आधीच मांडलेलं बरं. चोरकप्पा लपतो तो मापामुळे. कुलूप किंवा कळ कितीही भारी असो, बाहेरून दिसणारी खोली आणि आत हाताला लागणारी खोली यांत फरक जाणवला की खेळ संपला. अठराव्या शतकात जर्मनीत नॉयवीडला आब्राहाम आणि डाव्हिड रोएंटगेन या बापलेकांनी किल्ली फिरवताच गुप्त खण बाहेर येणारं फर्निचर बनवलं. त्यातल्या स्प्रिंगा आणि यंत्रणा बघून अजूनही थक्क व्हायला होतं. पण ते वैभव राजेरजवाड्यांना दाखवण्यासाठी होतं. रोजच्या झोपायच्या खोलीत जितके सुटे भाग कमी, तितकं चांगलं.

तिन्हींत पायथ्याचा ड्रॉवर मला सर्वांत जास्त आवडतो. जमिनीलगतच्या आडव्या पट्टीमागची जागा एरवी फुकट जाते आणि तिथे काही असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. पट्टी 90 मिमी उंच आहे, आत वापरता येणारी उंची त्याहून बरीच कमी, पण कागदपत्रं आणि चपट्या डब्या आरामात मावतात. इथे टेलिस्कोपिक चॅनेल (ड्रॉवर सरकवणाऱ्या धातूच्या पट्ट्या) मुद्दाम टाळले. एक तर ते दर बाजूला साडेबारा ते तेरा मिमी जागा खातात, आणि दुसरं म्हणजे त्यांचा आवाज लगेच ओळखू येतो. त्याऐवजी लाकडी पट्ट्यांवर मेण घासलं. ड्रॉवर अजूनही बिनआवाज सरकतो, मेणाचा हात अधूनमधून फिरवला की झालं. पट्टीचे सांधे पायांच्या अगदी लगत घेतले आहेत, कारण तिथे सांधा असणं कुणालाच खटकत नाही. खाली 3 मिमी फट सोडली आहे. ही फट फार महत्त्वाची, कारण पट्टी जमिनीला घासली तर फरशीवर रेघ उमटते आणि ती रेघ सगळं सांगून टाकते.

या जागी दाबल्यावर उघडणारा पुश लॅच लावू नका. केर काढताना किंवा चालताना पायाचा धक्का लागला तरी तो उघडतो. मॅग्नेटिक चाइल्ड लॉक उत्तम, 18 मिमी प्लायच्या बाहेरून चुंबक धरला की खटका सुटतो. बाहेरून ना भोक, ना मूठ.

हेडबोर्डची फळी दिसायला सर्वांत देखणी आणि सांभाळायला सर्वांत नाजूक. ती भरीव लाकडाची आहे आणि लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ हलत नसलं तरी आडव्या दिशेने हवेप्रमाणे फुगतं-आकसतं. साधारण 30 सेंमी रुंद फळीत ऋतूंच्या दोन टोकांमध्ये दोनेक मिलिमीटरचा फरक पडू शकतो. कोरड्या महिन्यांत फट नीट दिसते, दमट महिन्यांत फळी गच्च बसते. म्हणून चारही बाजूंना सारखीच खोबण देऊन ती फट नक्षीचा भाग करून टाकली आहे. शेजारच्या खोट्या फळ्यांनाही तशीच खोबण आहे, त्यामुळे नजर कुठे अडकत नाही. खोबण न देता नुसती बारीक फट ठेवायची असेल तर इथे भरीव लाकडाऐवजी विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावलेला प्लाय घ्यावा, तो खूपच कमी हलतो.

काही महिन्यांनी एक गोष्ट लक्षात आली. फळी काढताना बोट ज्या कोपऱ्यात दाबतो तिथे हाताच्या तेलाने पॉलिश थोडं काळसर आणि चकचकीत झालं. तिरप्या उजेडात ते नीट दिसतं. आता मऊ कापडाने फळी काढायची सवय लावली आहे आणि पुसताना सगळ्याच फळ्या सारख्या पुसल्या जातात.

दुहेरी तळाचा ड्रॉवर मला ठीकठाकच वाटतो. वरच्या ड्रॉवरचा तळ उचलला आणि खालचा तसाच ठेवला तर दोन्हींत हात घालणाऱ्याला फरक कळतोच. म्हणून दोन्ही ड्रॉवरचे तळ सारखेच वर घेतले. त्यात दोन्हीकडची जागा गेली आणि मिळाला जेमतेम पासपोर्ट मावेल एवढा कप्पा. रिकाम्या ड्रॉवरच्या तळावर बोटाने ठोकलं तर पोकळ आवाज येतो, तो खाली जाड फेल्ट चिकटवल्यावर पुष्कळ दबला.

गादीखालच्या मोठ्या पेटीबद्दल एकच सांगण्यासारखं आहे: गॅस स्ट्रट, म्हणजे झाकण उचलून धरणारे गॅसचे दांडे, गादीचं वजन धरून घ्या. नाहीतर गादीसकट झाकण वर टिकायचं नाव घेत नाही.

बंद कप्प्यांच्या आतल्या पॉलिशकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. तेलाचं पॉलिश आत लावलं तर त्याचा उग्र वास महिनोन्‌महिने जात नाही आणि कपड्यांना, कागदांना लागतो. आत लाखेचं पॉलिश लावलं आहे आणि वास अजिबात नाही. ओकसारख्या लाकडातून ॲसेटिक ॲसिडची वाफ निघते आणि ती शिशासारख्या धातूंना खाते. म्हणून लाकूड कोणतंही असो, धातूच्या जपायच्या वस्तू आणि कागद हवाबंद पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकूनच ठेवा.

लाकडी कप्पा आगीपासून काहीही वाचवत नाही. ज्या कागदाची दुसरी प्रत मिळणार नाही तो इथे ठेवू नये. चुंबकांच्या बाबतीतही जपायला हवं. निओडिमियमचे छोटे चुंबक मुलांच्या पोटात एकाहून जास्त गेले तर जिवावर बेततं, त्यामुळे ते लाकडात खोल बसवून वरून पट्टीने बंद केले आहेत. घरात कुणाला पेसमेकर असेल तर उशाशी चुंबकाची फळी नकोच, पायथ्याचा ड्रॉवरच करा. चाइल्ड लॉकचा सुटा चुंबक आमच्याकडे मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंच जागी असतो, आणि ती जागा घरातल्या आणखी एका मोठ्या माणसाला ठाऊक आहे. कप्पा एकालाच माहीत असेल आणि तो माणूस आजारी पडला, तर आतली कागदपत्रं ऐन गरजेच्या वेळी कुणालाच सापडणार नाहीत.