सिरॅमिक की क्ले? जुन्या वेगासच्या चिप्स घरच्या पोकरसाठी

लास वेगासमधलं ‘ड्यून्स’ हे कॅसिनो-हॉटेल १९९३ मध्ये स्फोटकांनी जमीनदोस्त झालं, तिथलंच ‘सँड्स’ १९९६ मध्ये. त्यांच्या अस्सल चिप्स, म्हणजे पैशांऐवजी डावावर लावायच्या चकत्या, आता संग्राहकांकडे. घरच्या डावासाठी त्याच वळणाच्या करून घ्यायच्या, तर मुख्य पर्याय दोन.

सिरॅमिकचं काम सरळ. कोरी चकती, तिच्यावर डाय-सब्लिमेशनची (उष्णतेने रंग पृष्ठभागात मुरवायची) छपाई, कडेवरसुद्धा. कॉम्प्युटरवर जे काढाल ते उतरतं, खर्चही आटोक्यात राहतो. मात्र साच्यातल्या नक्षीचा उठाव मिळत नाही. काही जण तो सावल्या रंगवून दाखवतात. मला ते खोटंच वाटतं. त्यापेक्षा सपाट, ठसठशीत अक्षरं बरी.

क्ले चिपमध्ये माती नावापुरतीच, इतर पदार्थच जास्त. वेगळ्या रंगांचे तुकडे बसवून साच्यात उष्णता आणि दाबाखाली चिप घडवतात. त्यामुळे कडेचे रंगीत पट्टे वर छापलेले नसतात, चिपच्या अंगातच असतात. मधलं लेबलही त्याच दाबाखाली पक्कं होतं. हाताला किंचित खरखरीत, आवाज दबका. जुन्या कॅसिनोचा खरा बाज इथेच. पण रंग आणि साचे बनवणाऱ्याकडे असतील तेवढेच, किंमत बरीच जास्त, आणि थांबायची तयारी हवी.

रोजच्या खेळाला सिरॅमिक पुरे. हौस असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर क्लेच घ्या. दोन्हींत लेबलवर स्वतःच्या गावाचं नाव टाका; चालू कॅसिनोची हुबेहूब नक्कल म्हणजे नसती आफत.