वेल्सची ग्रुप टूर: उत्तरेला जावं की दक्षिणेला, आणि कुणाबरोबर?

'इंग्लंड-स्कॉटलंड-वेल्स' असं भरघोस नाव असलेल्या टूरचा कार्यक्रम एकदा नीट वाचून बघा. वेल्सच्या वाट्याला बहुतेक वेळा एखादा दिवस आलेला असतो, तोही वाटेवरचा. कार्डिफच्या किल्ल्यासमोर फोटो, जेवण आणि बस पुढच्या गावाला. यात चूक कुणाची नाही, दहा-बारा दिवसांत सगळं ब्रिटन बसवायचं म्हटल्यावर असंच होणार. पण ज्यांना वेल्सच बघायचं आहे, तिथले किल्ले, खाणी, डोंगर आणि भाषा समजून घ्यायची आहे आणि गाडी स्वतः चालवायची नाही, त्यांच्यासमोर दोन प्रश्न उरतात. उत्तर वेल्स की दक्षिण? आणि टूर कोणत्या प्रकारची?

माझं मत आधीच सांगून टाकते. पहिल्यांदा जात असाल तर उत्तर वेल्स, आणि एकाच हॉटेलात सलग पाच-सहा रात्री मुक्काम असलेली टूर. या मताला दोन-तीन चांगले अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

उत्तर: सगळं तासाभराच्या टप्प्यात

उत्तरेच्या बाजूने मोठा मुद्दा म्हणजे अंतरं. समुद्रकाठच्या लँडिडनो या व्हिक्टोरियन गावात मुक्काम टाकला की कॉनवीचा किल्ला हाकेच्या अंतरावर, कायर्नार्व्हन, ब्यूमॅरिस, बेट्‌स-अ-कोएड, ल्हानबेरिस हे सगळं साधारण तासाभरात. बॅगा रोज भरायच्या नाहीत. पासष्टीपुढच्या मंडळींना या एका गोष्टीचं मोल किती, हे ज्यांनी आई-वडिलांना रोज नवं हॉटेल असलेल्या टूरला पाठवलंय त्यांना विचारा.

कॉनवी, कायर्नार्व्हन, हार्लेख आणि ब्यूमॅरिस हे चार किल्ले 1986 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. गड म्हटलं की आपल्या मनात आपल्या राजाचा गड येतो. इथे नेमकं उलट आहे. 1282 मध्ये वेल्सचा राजपुत्र ल्यूएलिन आप ग्रिफिथ लढाईत मारला गेला आणि इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने जिंकलेला मुलूख दाबात ठेवण्यासाठी हे किल्ले उभारले. कॉनवी आणि कायर्नार्व्हनच्या तटबंदीच्या आतलं गाव इंग्रज वसाहतवाल्यांसाठी होतं. कायर्नार्व्हनच्या भिंतीत रंगीत दगडांचे पट्टे आणि बहुकोनी बुरूज आहेत, कॉन्स्टँटिनोपलच्या तटाची आठवण करून देणारे. म्हणजे नुसता बंदोबस्त नव्हता, दरारा बसवायचा होता. 1969 मध्ये चार्ल्सना 'प्रिन्स ऑफ वेल्स' म्हणून याच किल्ल्यात समारंभपूर्वक मान दिला गेला, तेव्हा वेल्समध्ये त्याला विरोधही झाला. हे सगळं सांगणारा गाईड नसेल तर चारही किल्ले दुसऱ्या दिवशी एकमेकांत मिसळून जातात.

म्हणून कार्यक्रम बघताना मी एक गोष्ट शोधते: वेल्सच्या स्वतःच्या राजपुत्रांनी बांधलेला एखादा किल्ला त्यात आहे का? ल्हानबेरिसजवळचा डॉलबडार्न किंवा डॉलविडेलन. आकाराने लहान, पडके, गर्दी नाही. टूरवाल्यांनी तो घेतला असेल तर कार्यक्रम आखणाऱ्याला विषय कळतो असं समजायला हरकत नाही.

गुडघ्यांचं काय? किल्ल्यांत गोल, अरुंद, घसरडे जिने आहेत. कायर्नार्व्हनला 2023 पासून किंग्ज गेटमध्ये लिफ्ट आहे, त्यामुळे वरच्या सज्जापर्यंत जिना न चढता जाता येतं. कॉनवीत गावाचा तट सुमारे 1.3 किलोमीटर लांब आहे, 21 बुरुजांसह. बराचसा भाग वरून चालता येतो, तिकीट लागत नाही. ज्यांना चढायचं नाही त्यांनी खाली धक्क्यावर बसून मासेमारीच्या होड्या बघाव्यात.

किल्ल्यांनंतर स्लेट. हा काळसर दगड छपरांसाठी जगभर गेला आणि त्याच्या खाणींचा सगळा परिसर 2021 मध्ये जागतिक वारसा झाला. बँगरजवळचा पेनरिन किल्ला प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकातला महाल आहे. जमैकातल्या गुलामांच्या श्रमांवर पिकलेली साखर आणि वेल्समधली स्लेट, या दोन्हींच्या पैशाचा. त्याच मालकांच्या खाणीत 1900 ते 1903 असा तीन वर्षं संप चालला. संपाला साथ देणाऱ्या घरांच्या खिडक्यांत 'या घरात फितूर नाही' अशा अर्थाचे वेल्श कागद लावलेले असत. महालाची झुंबरं दाखवून संपाबद्दल चकार शब्द न काढणारी टूर अर्धीच.

माथेरानच्या गाडीवर जीव असणाऱ्यांनी तर फेस्टिनियोग रेल्वेसाठी वेगळा दिवस मागून घ्यावा. रुळांतलं अंतर 597 मिलिमीटर, म्हणजे माथेरानपेक्षा जेमतेम बोटभर कमी. पोर्थमडॉग ते ब्लायनाय फेस्टिनियोग साडेतेरा मैल. 1836 मध्ये ती सुरू झाली तेव्हा इंजिन नव्हतंच. स्लेटने भरलेले डबे उतारावरून आपोआप बंदरापर्यंत घरंगळत जायचे, ब्रेक धरायला माणसं. रिकामे डबे वर ओढायला घोडे. आणि खाली येताना हेच घोडे शेवटच्या डब्यात उभे राहून, गवत खात प्रवास करायचे! वाफेची इंजिनं आली 1863 मध्ये. काही टूरमध्ये पूर्ण मार्गाऐवजी मधल्या एखाद्या स्टेशनपर्यंतच नेतात. बुकिंगच्या वेळी विचारून घ्या.

स्नोडन, वेल्शमध्ये अर विद्वा, 1085 मीटर. कळसूबाई 1646. आकडे बघून हसू नका, कारण ल्हानबेरिसहून चढाई जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते आणि वर हवा अर्ध्या तासात पालटते. माथ्यापर्यंत 1896 पासून दातेरी रुळांची रेल्वे आहे. वारा जोरात असला की ती अलीकडेच थांबवतात. आगाऊ तिकिटं संपतात, म्हणून 'वेळ मिळाल्यास स्नोडन रेल्वे' असं लिहिलेलं असेल तर ते नाही असंच धरा.

आणि भाषा. 2021 च्या जनगणनेत वेल्समधले 17.8 टक्के लोक वेल्श बोलणारे निघाले, पण कायर्नार्व्हन ज्या ग्विनेडमध्ये येतं तिथे हे प्रमाण 64 टक्क्यांच्या आसपास आहे. दुकानात, बसमध्ये, शाळेच्या फाटकाशी ती कानावर पडते. कार्डिफमध्ये पाट्यांवर दिसते, कानाला शोधावी लागते.

दक्षिण: पाऊस आला तरी दिवस वाया जात नाही

दक्षिणेची जमेची बाजू म्हणजे पोहोचणं सोपं आणि छप्पर भरपूर. लंडनच्या पॅडिंग्टनहून कार्डिफ रेल्वेने दोन तासांच्या आत-बाहेर. दोन उत्तम संग्रहालयांत प्रवेश फुकट.

सेंट फेगन्स हे कार्डिफच्या वेशीवरचं. 1948 मध्ये उघडलं. वेल्सभरातून चाळीसहून जास्त इमारती दगड-दगड सुट्या करून इथे पुन्हा उभ्या केल्या आहेत: शेतघरं, शाळा, दुकान, चर्च. मला यातली मर्थरहून आणलेली लोखंड कामगारांची चाळ सगळ्यात आवडते. सहा घरं एका ओळीत, प्रत्येक वेगळ्या काळात थांबवलेलं: 1805, 1855, 1895, 1925, 1955 आणि 1985. पहिल्या घरातून शेवटच्या घरात जाईपर्यंत चूल जाऊन टीव्ही आलेला असतो, खोल्या मात्र तेवढ्याच. गाईड नसला तरी चालतं, घरंच बोलतात.

ब्लायनाव्हनच्या बिग पिटच्या खाणीत मात्र गाईडशिवाय उतरताच येत नाही, आणि गाईड खाणीत काम केलेले असतात. 1980 मध्ये बंद झालेली ही कोळशाची खाण 1983 पासून लोकांसाठी खुली आहे. आत जायच्या आधी मोबाईल, घड्याळ, गाडीची बॅटरीवाली किल्ली, जे जे म्हणून बॅटरीवर चालतं ते वर ठेवून जायचं, कारण खाणीतला वायू ठिणगीची वाट बघत असतो. हेल्मेट, कमरेला जाड पट्टा, त्यावर दिव्याची जड बॅटरी. मग लोखंडी पिंजऱ्यातून 90 मीटर खाली. खालचा फेरफटका पाऊण-एक तासाचा, काही जागी वाकून चालत. घोड्यांचे तबेलेही तिथेच. मध्येच गाईड सगळ्यांना डोक्यावरचे दिवे बंद करायला लावतो. त्या अंधारात दारं उघडझाप करायला एकेकाळी सहा-सात वर्षांची मुलं बसायची, हे ऐकताना बोलकी माणसंही गप्प होतात. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी वरच्या इमारती, आंघोळीची सामायिक खोली वगैरे बघावं, तेही पुरेसं आहे.

दक्षिणेचं दुखणं अंतराचं. ब्रोशरमध्ये 'कार्डिफ आणि पेम्ब्रोकशर' एकत्र दिसतं, पण कार्डिफहून पेम्ब्रोकशरमधल्या सेंट डेव्हिड्सला बसने अडीच तास तरी धरा, तेवढेच परत. म्हणजे ब्रिटनमधलं सगळ्यात छोटं शहर आणि त्यातलं मोठं कॅथीड्रल बघायला दिवसाचे पाच तास खिडकीत. मध्ययुगात सेंट डेव्हिड्सच्या दोन यात्रा रोमच्या एका यात्रेइतक्या मानल्या जात, ते पुण्य बसच्या सीटवर मिळत नाही. पेम्ब्रोकशरला जायचं तर टेन्बीसारख्या गावात वेगळा मुक्काम हवा. पफिन पक्ष्यांसाठी प्रसिद्ध स्कोमर बेटावर उतरल्याबरोबर 87 पायऱ्या आहेत आणि रोज ठरावीक संख्येलाच प्रवेश आहे. मोठ्या ग्रुपला ते जमणं कठीण.

टूर कोणाची घ्यायची?

मराठी टूर मॅनेजर असलेल्या भारतीय कंपनीची टूर, ब्रिटिश कोच टूर आणि गाईडसह चालण्याची सुट्टी, असे तीन पर्याय.

पहिल्यात जेवणाची काळजी नाही, आजारी पडलं तर धावून येणारं माणूस आपलं, गप्पा आपल्या भाषेत. आई-बाबा इंग्रजीला बिचकत असतील तर वाद घालू नका, हीच घ्या. फक्त वेल्समध्ये किती रात्री आहेत ते मोजा. दोनपेक्षा कमी असतील तर ती वेल्सची टूर नव्हे.

ब्रिटिश कोच टूर वेल्ससाठी सगळ्यात किफायतशीर. बस इंग्लंडमधल्या ठरलेल्या गावांतून उचलते, एका हॉटेलात नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून मुक्काम, रोज एक फेरी. सोबती बहुतेक निवृत्त इंग्रज, बोलायला उत्सुक, वेळेला पक्के. नऊची बस नऊला सुटते. पण इथे फसगत 'गाईडेड' या शब्दात असते. अनेकदा ड्रायव्हरच माईकवरून चार गोष्टी सांगतो, आणि किल्ल्यात तुम्ही तुमचे. स्थानिक गाईड कोणत्या दिवशी, किती तास, प्रवेशशुल्क धरलंय का, हे लेखी घ्या. एकट्याने जाणाऱ्यांना खोलीचे जादा पैसे पडतात. काही कंपन्या मोजक्या तारखांना ते माफ करतात, म्हणून तारीख लवचिक ठेवा.

तिसरा पर्याय दर शनिवारी-रविवारी सह्याद्रीत जाणाऱ्यांसाठी, आणि त्यांच्यापुरतं माझं 'एका हॉटेलातली कोच टूर' हे मत मी बिनशर्त मागे घेते. एचएफ हॉलिडेज ही 1913 पासूनची सहकारी संस्था यासाठी ओळखली जाते. एका मोठ्या घरात मुक्काम, रोज सोप्या-कठीण अशा दोन-तीन वाटा, प्रत्येकीला वाटाड्या. आदल्या संध्याकाळी आपली वाट निवडायची. नवरा-बायकोपैकी एकालाच चढाईचा उत्साह असेल तर भांडण मिटतं. इथे उत्तर-दक्षिण हा प्रश्नही सौम्य होतो, कारण दक्षिणेतलं राष्ट्रीय उद्यान ब्रेकन बीकन्स, आता अधिकृत नाव बान्नाय ब्रुखेनियोग, इथला 886 मीटरचा पेन अ व्हॅन हा मोकळा, गवताळ डोंगर नवख्यांना स्नोडनपेक्षा मानवतो. पावसाळी पोंचो मात्र घरी ठेवा. तिथल्या वाऱ्यात त्याचं शीड होतं. जॅकेट आणि पँट दोन्ही वॉटरप्रूफ हवेत.

शाकाहाऱ्यांनी बुकिंगच्या वेळीच कळवावं आणि तिथे पुन्हा विचारावं. चीज आणि लीकचं ग्लॅमॉर्गन सॉसेज नावाला सॉसेज, मांस नसतं. उलट वेल्श रेअरबिट चीज-टोस्ट वाटतं, पण त्यातल्या वुस्टर सॉसमध्ये अनेकदा मासळी असते. तव्यावर भाजलेले वेल्श केक छान लागतात, पण जुन्या पद्धतीत लोण्याबरोबर डुकराची चरबीही घालतात.

महिना शक्यतो मे किंवा जून. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे बस परतल्यावरही एक संध्याकाळ हातात उरते. ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी, दर चढे. नोव्हेंबरनंतर बरीच ठिकाणं बंद.

दोन टूर अगदी तुल्यबळ वाटल्या तर वेल्शपूलजवळचा पॉविस किल्ला कुठल्या टूरमध्ये आहे ते बघा. रॉबर्ट क्लाइव्ह आणि त्याचा मुलगा एडवर्ड यांनी भारतातून नेलेल्या हजाराहून अधिक वस्तू तिथे आहेत. टिपू सुलतानाचा छापील सुती तंबू आणि त्याच्या सिंहासनावरचं सोन्याचं एक व्याघ्रमुखही. मध्य वेल्समध्ये असल्याने उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या दोन्ही टूर तो गाळतात. मिडलँड्सकडून उत्तरेला जाणाऱ्या बसला तो वाटेत घेता येतो, विचारायला काय हरकत?

ब्रिटनमध्ये मुलगा किंवा मुलगी राहत असेल तर मी दोन्ही भाग टूरवर घालवणार नाही. उत्तर वेल्स कोच टूरने करावं, कारण तिथे डोंगरातल्या गावांत सार्वजनिक बस विरळ आहे. दक्षिणेसाठी एक लांब वीकेंड पुरतो: शुक्रवारी रात्री कार्डिफ, शनिवारी सिटी बसने सेंट फेगन्स, रविवारी गाडी असेल तर बिग पिट, नसेल तर रेल्वेने केअरफिली, जिथे वेल्समधला सगळ्यात मोठा किल्ला स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ आहे.