कळलावी गच्चीवर: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

फुलांसाठी कळलावी घ्यायची असेल तर जरूर घ्या. घरचं औषध म्हणून घेत असाल तर राहू द्या. मागच्या जूनमध्ये नागपुरात आमच्या गच्चीवर लावली, आता फेब्रुवारी चालू आहे, तेवढ्यावरून लिहितोय.

नर्सरीत रोप नाही, कंदच मिळाला. नांगरासारखा, दोन फाट्यांचा, बोटाएवढा जाड. फाट्याच्या टोकाला बारीक डोळा असतो, कोंब तिथूनच फुटतो. डोळा तुटला की कंद गेला, आणि तुटतो तो अगदी कटकन. म्हणून भाजीच्या थैलीत कोंबून आणू नका. कुंडीत आपली काळी माती नुसती भरली तर पावसात चिखल होऊन कंद सडतो. मी निम्मी माती, बाकी रेती आणि शेणखत घेतलं, तळाला विटांचे तुकडे टाकले, कंद आडवा ठेवून वर दोनेक इंच माती घातली.

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सरून पहिला दमदार पाऊस झाला आणि कोंब वर आला. तिथून पुढे वेल थांबायचं नाव घेईना. हिला वेगळे तणावे नसतात, पानाचं टोकच सुतासारखं लांबतं आणि सापडेल त्याला वेढा घालतं. आधी बांबू, मग कुलरचा स्टँड, मग वाळत घातलेली ओढणी. माणसाच्या उंचीच्या वर सहज जाते, त्यामुळे आधाराची सोय लावतानाच करून ठेवा.

फुलाबद्दल मात्र किती लिहू! कळी मान खाली घालून असते. उमलताना सहाही पाकळ्या उलट्या होऊन वर वळतात, कडा लाटालाटांच्या. सुरुवातीला हिरवट, मग बुडाशी पिवळं नि टोकाला लाल, शेवटी सगळंच लालभडक. सहा पुंकेसर चहूकडे पसरलेले, आणि स्त्रीकेसराची दांडी बुडातूनच काटकोनात एका बाजूला वळलेली. एक फूल आठवडाभर तरी टिकतं, म्हणून एकाच वेलीवर सगळे रंग एकदम दिसतात. उगाच नाही तमिळनाडूनं हिला राज्यफूल आणि झिम्बाब्वेनं राष्ट्रीय फूल केलं.

ऐन पोळ्याच्या सुमारास ती भरात होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, हे भांडणाचं झाड! उद्या मारबतीसोबत रवाना करा." (मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात इडापिडा घालवायला मिरवत नेतात तो पुतळा.) आमच्याकडे त्या महिन्यात भांडणं झाली, नाही असं नाही, पण ती पाण्याच्या टाकीवरून.

खरा त्रास अळ्यांचा. काळ्या अंगावर पांढरे नि लाल ठिपके, दिसायला देखण्या. विषारी पानं खाऊनच पोसतात आणि दोन दिवसांत फांदीचा नुसता दांडा ठेवतात. रोज सकाळी पानांची खालची बाजू बघून चिमट्यानं उचलणं, एवढाच उपाय मला जमला. हातमोजे घाला, चीक कातडीला लागला तर आग होऊ शकते.

आता औषधाचं. कंद देताना नर्सरीवाल्यानं बिनदिक्कत सांगितलं, "सांधे दुखले की थोडा उगाळून घ्या." हे ऐकून काळजात धस्स झालं. कळलावीत कोल्चिसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, कंदात आणि बियांत तर भरपूर. गाऊट या सांधेदुखीच्या आजारावर डॉक्टर हेच औषध देतात, पण अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळ्या मोजून. तमिळनाडूत त्यासाठीच बियांची शेती होते. कंदाच्या तुकड्यात ते किती आहे हे उगाळणाऱ्याला कसं कळणार? जास्त गेलं तर आधी उलट्या-जुलाब, मग रक्तपेशी घटतात, किडनी निकामी होऊ शकते, जगलाच माणूस तर पुढे केस गळतात. रताळ्यासारखा कंद समजून खाल्ल्यानं माणसं दगावली आहेत. चुकून पोटात गेलाच तर घरगुती उतारे करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

आयुर्वेदाचं नाव पुढे करणाऱ्यांनी हेही सांगावं की तिथे लांगली, म्हणजे हीच कळलावी, उपविषांत (दुय्यम विषांत) धरली आहे, धोतरा, कण्हेर, गुंज यांच्या पंगतीत. गोमूत्रात शोधन (विषाचा जोर कमी करण्याची क्रिया) केल्याशिवाय ती वापरत नाहीत, आणि बाळंतपणातला तिचा जुना उपयोगही बाहेरून लेप लावण्याचा. घरात रांगतं मूल किंवा माती उकरणारं कुत्रं असेल तर हे झाड नकोच. आमच्याकडे दोन्ही नाहीत.

दिवाळीच्या आसपास वेल पिवळी पडली आणि वाळून गेली. तेव्हापासून कुंडी रिकामी दिसते. पाहुणे विचारतात, यात काय लावलंय? पाणी बंद ठेवायचं, कुणी दयेनं तांब्याभर घातलं तर खाली कंद कुजतो. जुना कंद आटून त्याच्या जागी नवा तयार होतो, तो मे अखेरीस उकरून बघणार आहे.

फुलाला पाचपैकी पाच, सोयीला जेमतेम दोन. घ्यायचाच तर जूनच्या तोंडावर घ्या, डोळा फुगलेला बघून.